मधुकररावांचा ग्रीक व्यायाम

मधुकररावांना मी फारसं ओळखत नव्हतो. लोधीपुऱ्यात आमच्या गच्च्या लागून, मधे कमरेएवढी भिंत. तेवढ्यावर माणूस कळला असं म्हणण्याची माझी छाती नाही, आणि लिहिण्याची सवय तर नाहीच. पण त्यांच्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'व्यायामप्रेमी' छापलंय, ते काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्यांचं प्रेम होतं व्यायामाच्या नावावर. निवृत्तीनंतर मोबाइलवर त्यांना 'कॅलिस्थेनिक्स' हा शब्द सापडला आणि आमच्या सकाळी नासल्या. साधनांशिवाय, आपल्याच वजनावर अंग ताणायचं, वाकवायचं, इतकाच मामला. पण थांबतील तर ते मधुकरराव कसले!

"ग्रीक आहे, भाऊ! कॅलोस मतलब सौंदर्य, स्थेनोस मतलब बळ. दोन्ही एकत्र!"

हे सांगताना बनियन पोटावरून वर सरकलेलं असायचं. दोन्हींपैकी एकही मला कधी दिसलं नाही.

त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंचे गुडघे धरले होते. इच्छापूरच्या डोंगरावर चढून देवीची ओटी स्वतःच्या हातानं भरावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. कित्येक वर्षं त्या शेजारणीच्या हाती ओटी पाठवत होत्या. डॉक्टरांनी रोज पाय ताणायला सांगितले होते. मधुकररावांनी गल्लीत जाहीर केलं, "चैत्राच्या जत्रेत हिला मी हात धरून वर नेतो."

मग रोज निर्मलाबाई सतरंजीवर आणि हे खुर्चीवर, चहाचा कप घेऊन.

"आधी हे मुलींच्या शाळांत चालायचं. खास बायकांचा व्यायाम!"

"म्हणून खुर्ची सोडत नाही का तुम्ही?"

"अगं, मी समजावतोय ना! अर्थ कळल्याशिवाय फायदा काय?"

"गुडघ्याला ग्रीक येत नाही हो," असं म्हणून त्यांनी दुसरा पाय लांब केला. भिंतीआड मला हसू आवरेना.

जत्रेला आम्ही एकाच जीपमधून गेलो. पायऱ्या सुरू झाल्या न झाल्या तोच मधुकरराव उखर्डू नारळवाल्याच्या बाकावर बसले. "तुम्ही व्हा पुढं, भाऊ. मी श्वास जुळवतो." मी ओटीचं ताट घेतलं. निर्मलाबाई कठडा धरत, थांबत, पुन्हा निघत वर पोहोचल्या. ओटी त्यांनी स्वतःच्या हातानं भरली.

खाली आलो तर उखर्डूपुढं मधुकररावांचं 'स्थेनोस मतलब बळ' चालू होतं. उखर्डू वैतागून म्हणत होता, "बाबूजी, नारळ घेता का मला धंदा करू देता?"

निर्मलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

"चढलीस ना? मी म्हणालोच होतो!"

"चढले. पण हात धरणारा खाली बसला होता."

 

दुसऱ्या दिवशी पाहतो तर चहा घेऊन खुर्चीवर निर्मलाबाई आणि सतरंजीवर हे. हात गुडघ्यांपर्यंतसुद्धा पोहोचत नव्हते. नुसती धडपड. ग्रीक मात्र बंद. असे काही दिवस गेले आणि एका पहाटे ते उठलेच नाहीत.

आदल्या सकाळी मी भिंतीशी उभा होतो, तेच आमचं शेवटचं बोलणं. ते वाकलेलेच होते, मान वर करता येईना.

"भाऊ, चहा झाला का?"

"झाला," मी म्हणालो.