डिस्कला लावलेलं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की मला एक दसरा आठवतो. माधवनगरात माझ्या सुनेचा फोटो स्टुडिओ आहे. तिचा कॉम्प्युटर लग्नांच्या व्हिडिओंनी गच्च भरला होता आणि नवं लग्न ठेवायला जागा नव्हती. ती म्हणाली, "आत्या, जुनं पुसावं लागतंय. मामांचं बी." मामा म्हणजे तिचे सासरे, माझे मालक, वारलेले. त्यांचं बोलतं-चालतं चित्र तेवढं एकच, पुतण्याच्या लग्नात आचाऱ्यावर खेकसतानाचं. मी म्हणाले, "हात तर लावून बघ." मग मुलगा जास्तीची हार्ड डिस्क घेऊन आला. दसऱ्याला आम्ही कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं पुजतो. कॉम्प्युटरची पेटी उघडी दिसली, तशी मी झेंडू वाहिला आणि नव्या डिस्कला ओलं कुंकू लावलं, नेमकं वायर जोडायच्या तोंडाशी. मुलगा ओरडला, "आई, काय केलंस गं! आता चालायची न्हाई ही." मी म्हणाले, "मग बिनपुजेची चालवायची व्हय?" सून तोंड फिरवून हसत होती. मुलानं डिस्कचं ते तोंड कापसानं पुसलं, चांगलं वाळू दिलं आणि डिस्क बसवली. पडद्यावर दुसरी डिस्क दिसली. नवं लग्न तिच्यात गेलं, जुन्याला धक्का लागला नाही. सुनेनं लगेच पडद्यावर मालकांना लावलं. "ही आमटी हाय का आंघोळीचं पाणी?" ते गरजले, आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. अजूनही कधी वाटलं तर मी लावायला सांगते. चहा पीत निवांत ऐकते. आमटी खरंच पातळ होती, तेवढं त्यांचं बरोबर होतं.