दाजींच्या ट्रेलरचा मुहूर्त

दाजींच्या त्या बार्बेक्यू ट्रेलरचे फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. फोटोत तो छानच दिसतो. काळाभोर रंग, कडेला धुराडं, आत चकचकीत सिंक. खाली सगळे लिहितात, वा दाजी, काय हौस आहे! हौस कोणाच्या जिवावर, ते एकजण विचारेल तर शपथ.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेत मोठे मॅनेजर, बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत कॉन्डो. मी पुण्यातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून इथे परदेशात आलेला माणूस, क्लेमेंटीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि जुरोंग ईस्टला एका ऑफिस इमारतीचं मेंटेनन्स बघतो. वायरिंगचं इथलं लायसन्स माझ्याकडे आहे, पाण्याच्या पाइपांची कामंही रोजचीच. दाजींनी ऑफिसातल्या मित्रांबरोबर बार्बेक्यूच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं आणि एका वर्कशॉपमध्ये खास ट्रेलर बांधून घेतला. त्यातलं पाणी आणि वीज आपसूक माझ्या गळ्यात पडली. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, असं ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

आमच्याकडे जावयापुढे आवाज चढवत नाहीत. आई अजून दाजींचा फोन आला की बसल्या जागेवरून उठून उभी राहते. मीही त्याच घरात वाढलो. मान डोलावली आणि हत्यारांची पिशवी उचलली.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची लोखंडी पेटी. तिच्यात पाण्याची टाकी, पंप, सिंक, सिंकखाली पाणी तापवायचा छोटा हीटर, फ्रिज आणि भट्टीचा पंखा. लोखंड, पाणी आणि वीज, तिन्ही एका खोलीत. त्यात स्पर्धेचे दोन्ही दिवस सिंकपाशी उभी राहणार होती ताई, कारण मसाला तिचा आणि भांडीही तिनेच घासायची. ताई स्वयंपाक करताना पायात चप्पल घालत नाही. ओले हात, अनवाणी पाय. मला झोपेतही तेच दिसायचं, म्हणून मी वायरी एका भिंतीने नेल्या आणि पाइप दुसऱ्या भिंतीने.

दाजींनी येऊन बघितलं आणि म्हणाले, सिंक इकडे नको, तिकडे घे, इथे परीक्षकांसमोर प्लेटा मांडायला काउंटर हवाय. सिंक तिकडे घ्यायचं म्हणजे पाइप सॉकेटच्या डोक्यावरून जाणार. मी म्हटलं, दाजी, पाइपाचा जोड आज ना उद्या गळतो, आणि पाणी खालीच पडतं. ते हसले. तुम्हा मेंटेनन्सवाल्यांना जिथे तिथे गळतीच दिसते म्हणाले. आणि मी, लायसन्सवाला शहाणा, गुपचूप सिंक हलवलं. दाजींना शिव्या घालायला मला आवडतं, पण पाना माझ्याच हातात होता.

शेवटी दोन कामं राहिली. सॉकेट तिथून काढायचं आणि पेटीला व सिंकला अर्थिंगची वायर जोडायची. पुढच्या शनिवारी येतो म्हटलं. मेन स्विचवर टेप मारली, वर कागद चिकटवला. चालू करू नये, मराठीत आणि इंग्रजीत. दाजींना तोंडीही दोनदा सांगितलं.

मधल्या आठवड्यात दाजींच्या वडिलांनी पुण्याहून मुहूर्त पाठवला. शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. डुकराच्या बरगड्या भाजायच्या गाडीला मुहूर्त! त्यांना बिचाऱ्यांना केटरिंगची गाडी एवढंच सांगितलं होतं. बरं, असो. श्रद्धेला माझी ना नाही. मला दाजींनी दहाला ये म्हणून कळवलं. माझी कामं उरलीत म्हटल्यावर, ती पूजेनंतर कर म्हणाले.

मी साडेनऊलाच पोचलो. वर्कशॉपचं आवार नुकतंच धुतलेलं होतं, सगळीकडे ओल. ट्रेलरला झेंडूची माळ. पूजेचं ताट घेऊन ताई साडी नेसून उभी होती, अनवाणी, ओल्या सिमेंटवर. आणि आतून पंख्याचा आवाज येत होता.

पंखा चालू म्हणजे वीज चालू. ताईला म्हटलं, ट्रेलरला हात लावू नकोस, लांब हो. धावत आत गेलो, मेन बंद केला. टेप आणि कागद कचऱ्याच्या डब्यात होते. बोर्ड उघडला. करंट कुठे गळायला लागला की आपोआप पडतो तो ब्रेकर असतो ना, त्याच्या वायरी काढून थेट जोडल्या होत्या. सॉकेटवर हात फिरवला तर हात ओला झाला. वरचा जोड थेंब थेंब गळत होता.

दाजींना विचारलं. ते म्हणाले, अरे तो ब्रेकर सारखा पडत होता, गुरुवारी ट्रायल घ्यायची होती, मग वर्कशॉपमधल्या एकाकडून डायरेक्ट करून घेतलं. तुला कशाला त्रास द्यायचा! हे असं म्हणाले, माझ्यावर उपकार केल्यासारखं. अहो, तो पडत होता ते त्याचं कामच आहे! कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच मारून टाकायचं का?

मला दोन तास द्या, मी म्हटलं. दहा वाजले होते. दाजींनी घड्याळ दाखवलं. ताईने हळदीकुंकू लावायचं, दाजींनी पंखा आणि नळ चालू करायचा, दहा मिनिटांचं काम, नंतर काय ते कर. मोबाइल धरून उभी असलेली भाचीसुद्धा इथल्या बोलीत म्हणाली, मामा, जस्ट टेन मिनिट्स लाह. दाजी मेन स्विचकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "शुभकार्यात अपशकुन करू नकोस."

मी बाहेर जाऊन पुरवठ्याची केबल उपटली, गुंडाळली आणि काखेत मारली.

"नाही, दाजी," मी म्हटलं. "हा ट्रेलर आज माझ्याशिवाय कोणी चालू करणार नाही. त्याला हात ताईचा लागणार आहे, तुमचा नाही."

दाजी वाटेतच थांबले. वीस वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता, म्हणून असेल. दहा वीस झाले, दहा पंचवीस झाले. मग दाजींनी तोंड पाडून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, मुहूर्त टळला म्हणून सांगायला. ते चहा पीत बसले होते. म्हणाले, टळला कसा, आत्ता कुठे आठ वाजतायत. दहा वीस पुण्याचे. तुमच्याकडे बारा पन्नास.

रोज मुंबई-लंडनच्या मीटिंगा जुळवणारा माणूस! मला हसू यायला हवं होतं. मला मात्र काहीतरी फोडावंसं वाटत होतं. दाजी लगेच खुलले, सगळ्यांसाठी कॉफी आणायला निघाले आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बघ, मिळाले ना तुझे दोन तास.

मी सिंकखाली आडवा झालो. ताई चप्पल घालून टॉर्च धरायला आत आली. जोड उघडला, सॉकेट काढलं, अर्थिंगची वायर ओढायला घेतली. मग ती हळूच म्हणाली, "गुरुवारी ट्रायलच्या वेळी मी इथे पातेलं धूत होते. नळाला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या."

माझा हात थांबला. दाजींना सांगितलं का, मी विचारलं.

"सांगितलं की. मानेची नस असेल म्हणाले. सोमवारची फिजिओची वेळ घेतलीय."

मी सिंकखालून बाहेर आलो आणि तिच्यावरच ओरडलो. जीव गेला असता तुझा! मला फोन करायला काय झालं होतं? बाहेर भाची दचकून वळली.

ताईचा टॉर्च जराही हलला नाही.

"तुला करून काय उपयोग?" ती म्हणाली. "सिंक इथे नको, हे तुला कळत होतं ना? तरी ह्यांनी सांगितल्यावर हलवलंसच की."

मी पुन्हा आडवा झालो आणि अर्थिंगचा स्क्रू आवळला. तो घट्ट बसला होता, तरी आवळत राहिलो.