गाडीखालचे अर्थिंग

रविवार, १२ मे २०२४, सकाळी सव्वासात. अकोल्यात मुलाच्या घरी अ‍ॅम्प्लिफायरचे बटण फिरवताना माझ्या पत्नीने हात झटकन मागे घेतला. विचारले, तेव्हा कळले की चार-सहा दिवसांपासून असेच होत होते.

"मले वाटलं, हाताले मुंग्या येऊन राहिल्या," ती म्हणाली. फरशी नुकतीच पुसलेली. तिचे पाय अनवाणी आणि ओले.

अ‍ॅम्प्लिफायर माझाच. तिला सकाळी भजने लागतात, म्हणून मी तो अमरावतीहून आणला होता. त्याच्या पत्र्याला टेस्टर लावला, पेटला. प्लग काढून पाहिला, तर अर्थिंगची जाड पिन मुळापासून कापलेली.

मुलाने शांतपणे सांगितले, की स्पीकर गुणगुणत होता म्हणून त्यानेच वायरमनकडून पिन काढवली होती. आवाज स्वच्छ झाला होता. म्हणजे कानाला त्रास नको म्हणून आईचा जीव पणाला. मी हे त्याला याच शब्दांत सुनावले. तो हसला. "बाबा, तुमी त घरातबी हेल्मेट घालून बसान."

मी भिंतीतले सॉकेट तपासले. बल्बची एक तार फेजला जोडली, दुसरी अर्थिंगला. बल्ब लागला नाही. म्हणजे अर्थिंग निकामी. त्याच्याच भरवशावर घरातला फ्रिज आणि पाण्याने भरलेला लोखंडी कूलर चालत होते. अर्थिंगची तार पुरलेला खड्डा कुठे आहे, विचारले. गाडीखाली, असे उत्तर आले. गाडी चिखलात उभी राहू नये म्हणून त्यावर ब्लॉक बसवले होते.

गाडी काढायला लावली, ब्लॉक उपटले. खाली काळी माती भेगाळून दगड झाली होती. कोरड्या मातीत पुरलेली तार ही शोभेची तार. अमरावतीला मी उन्हाळाभर घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाण्याची बादली ओततो, लोक हसतात. इथे मुलाने बादली अडवून धरली.

"प्यायले पाणी आठव्या दिवशी येते, आन तुमी मातीले पाजून राहिले?"

"भांड्याचं धुवण दे. मातीले चालते."

धुवणाच्या तीन बादल्या जिरल्या. सायंकाळी बल्ब लख्ख पेटला.

पत्नीने उद्याच्या भजनांचे विचारले. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन नवी पिन बसल्यावर, मी म्हणालो. तोवर कोणाला मोह होऊ नये म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची वायर कापली आणि प्लग खिशात टाकला.