साळवेचा अडकलेला मेल

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. पस्तीस वर्षं मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात प्रेशर गेज, थर्मामीटर असली मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. काटा उगाच हलला तर कारण तीनच... वायर सैल, स्प्रिंग थकलेली, नाहीतर कुणाचा तरी गाढवपणा. चौथं कारण मला आजवर भेटलं नव्हतं. आता वय पंचाहत्तर. हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. माझी एक चूक दुसऱ्या माणसाच्या नावावर चढली आहे, ती उतरवायची आहे. मधे जे घडलं ते मला अजून कळलेलं नाही, पण ते वगळून पुढचं सांगता येत नाही.

तो दुसरा माणूस म्हणजे शांताराम साळवे. कारखान्यात माझ्याच बाकावर बसायचा. आमच्याकडे नियम होता — काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा, वहीत दोघांच्या सह्या. आणि एक जुनी खोडही होती. दुरुस्त झालेल्या उपकरणात मुद्दाम एक बारीकशी गडबड करून ठेवायची, एखादा स्क्रू सैल, काटा अर्ध्या घराने सरकवलेला. तपासणाऱ्याने ती पकडली तर चहा, नाही पकडली तर दिवसभर टिंगल. साळवे यात उस्ताद. मी बहुतेक वेळा पकडायचो. नाही पकडली की सगळ्यांसमोर ओरडायचा, "आहेर, तू तपासतोस कुठे, नुसता अंगठा उठवतोस!"

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं पाथर्डी फाट्याजवळ एकाच कॉलनीत आलो आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघात जायला लागलो. साळवेने स्वतःचा जुना लॅपटॉप संघाच्या खोलीत आणून ठेवला. त्याच्यावर विंडोज रडतखडत चालायची, म्हणून त्याने तिच्याऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली आणि मलाही थोडंफार शिकवलं. मग त्याने एक काम काढलं. संघातल्या प्रत्येकाला समोर बसवून अर्धा-अर्धा तास बोलतं करायचं आणि आवाज रेकॉर्ड करायचा. गाव कुठलं, नोकरी कशी लागली, लग्न कसं जमलं. नातवंडांना ऐकायला म्हणून. दीड वर्षात जवळपास सगळ्यांचे आवाज त्यात जमा झाले. त्यातच साळवेच्या बायकोचा, सुशीलावहिनींचाही होता. पुढच्या वर्षी वहिनी गेल्या.

लॅपटॉपसाठी आम्ही कारखान्यासारखी वही ठेवली होती. काम कोणी केलं, कोणी तपासलं. दर पंधरवड्याला साळवे बाहेरच्या डिस्कवरची जुनी प्रत पुसून सगळी रेकॉर्डिंग नव्याने तिच्यावर उतरवायचा आणि मी दोन-चार उघडून ऐकून सही करायचो.

एका शुक्रवारी साळवे येवल्याला निघाला, भाचीच्या लग्नाला. जाताना वहीत लिहून गेला, 'बॅकअप घेतला'. पेन सापडेना म्हणून मी पेन्सिलने सही केली. डिस्क उघडून पाहिली नाही. शनिवारी सकाळी लॅपटॉपला वायफाय लागेना. संघात नवा राउटर बसून आठवडाच झाला होता. अध्यक्ष देवरेआप्पांना मुलाशी व्हिडिओवर बोलायचं होतं, ते सारखे विचारत होते, "झालं का हो इंजिनिअरसाहेब?" मी साळवेला फोन लावला. मागे बँड वाजत होता. "हात लावू नकोस, सोमवारी येतो मी," एवढंच तो म्हणाला.

मला राग आला. याच्याशिवाय मला काहीच येत नाही की काय! फोनवर इंटरनेट उघडून, कुणीतरी लिहिलं होतं तसं एकेक करत गेलो. नेटवर्क बंद-चालू, ड्रायव्हर काढून परत घातला. काही होईना. शेवटी लिनक्सच नव्याने टाकायला घेतलं. लॅपटॉपने विचारलं, आतलं सगळं पुसू का? बॅकअप आहेच, म्हणून मी हो म्हटलं. तासाभराने नवीन लिनक्स आलं... आणि वायफाय तरीही लागेना.

तेव्हा माझी नजर लॅपटॉपच्या डाव्या कडेला गेली. तिथे नखाएवढी एक खटकी असते, वायफाय चालू-बंद करायची. ती बंद होती. सरकवली, दिवा लागला, वायफाय लागलं.

मग बाहेरची डिस्क उघडली. सगळी नावं होती, आत आवाज एकाही फाइलमध्ये नव्हता. कॉपी नुसती नावं उतरवून तिथेच अडकली होती.

पुढे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहीतली माझी पेन्सिलची सही मी रबराने पुसली. सोमवारी सगळ्यांना सांगितलं, लिनक्स बिघडलं होतं, नव्याने टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि बॅकअप घेतल्याचं तर साळवेने लिहूनच ठेवलंय. खटकीचं नाव काढलं नाही. खोलीत बायका रडायला लागल्या. देवरेआप्पा साळवेला म्हणाले, "तुमच्या भरवशावर आम्ही आमची माणसं ठेवली होती हो!" साळवेने वही उघडली, त्या पानावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चूक माझी आहे."

संघाने लॅपटॉप त्याला परत दिला. त्याचं संघात येणं बंद झालं. माझ्याकडे मात्र रोज संध्याकाळी चहाला यायचा, दोन वर्षं. क्रिकेट, गुडघे, द्राक्षांचे भाव... त्या विषयावर एक शब्द नाही. मला वाटायचं, याला काही कळलेलंच नाही. मागच्या हिवाळ्यात चार दिवस दवाखान्यात राहून तो गेला.

आता तो अनुभव.

उन्हाळ्यात साळवेच्या मुलीचा, रेखाचा फोन आला. ती शाळेत शिक्षिका आहे, वडिलांच्या फ्लॅटमध्येच राहते. "काका, बाबांनी नंतर लॅपटॉपमध्ये आईबाबांचे फोटो घातलेत, ते मला फोनवर घ्यायचेत. पण वायफाय लागत नाहीये. बघता का?"

मी दुपारी तीनला गेलो. स्वच्छ ऊन, पंखा चालू, समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. भुताखेताचं वातावरण म्हणावं तर काहीच नाही. लॅपटॉप चालू केला. सगळ्यात आधी मी कुठे बघितलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. खटकी चालू होती. पण वायफायची खूणच वरच्या पट्टीत नव्हती. कमांड देऊन मशीनला जोडलेल्या भागांची यादी काढली, तर तिच्यात वायफाय कार्डाचं नावच नाही. म्हणजे कार्ड मेलेलं, नाहीतर जागेवरून हललेलं. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "रेखा, पाठ उघडावी लागेल," म्हटलं. ती चहाचे कप घेऊन येतच होती.

तेवढ्यात तीच म्हणाली, "लागलं की काका!"

वरच्या पट्टीत वायफायची खूण आली होती, पूर्ण भरलेली. तिच्यावर क्लिक केलं तर नाव दिसलं ते संघाच्या जुन्या राउटरचं. तो राउटर केव्हाच भंगारात गेलाय, आणि संघाची खोली तिथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी काही बोलायच्या आत मेलची खिडकी आपोआप पुढे आली. साळवेने ती लॅपटॉपबरोबरच सुरू व्हावी अशी लावून ठेवली होती. खाली ओळ होती, 'एक मेल पाठवला जात आहे'. मग 'पाठवला'. आणि माझ्या खिशात फोन वाजला.

पाहिलं, तर साळवेचा मेल. लिहिल्याची तारीख, तो दवाखान्यात गेला त्याच्या आदल्या आठवड्यातली.

"कोणाचं काका?" रेखाने विचारलं.

"बँकेचं काहीतरी," मी म्हणालो.

वर बघतो तो वायफायची खूण गेलेली. सवयीने मी लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, पाठ उघडली. वायफाय कार्डाची जागा रिकामी होती. कार्ड नव्हतंच. त्याला जोडायच्या दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी, टोकांना चिकटपट्टी गुंडाळून बाजूला दुमडलेल्या.

"कार्ड कोणी काढलं?"

रेखा आठवत म्हणाली, "बाबांनी शेवटी शेवटी दुरुस्तीला पाठवला होता ना, इथे द्वारका चौकातल्या एका दुकानात. ते म्हणाले कुठलातरी भाग गेलाय, मागवावा लागेल. त्यांनी एक पाकीट दिलं होतं..." तिने कपाटातून चार्जरबरोबर ठेवलेलं पाकीट आणलं. दुकानदाराने स्टेपल केलेलं, अजून न उघडलेलं. आत ते कार्ड.

घरी येऊन मेल वाचला. जसाच्या तसा देतो.

'आहेर, येवल्याला निघताना खटकी मीच बंद केली होती. कारखान्यात करायचो तशी. वाटलं होतं, तुला सापडेल, सोमवारी शिव्या देशील, चहा पाजीन. तू सगळं पुसशील असं वाटलं नव्हतं. म्हणून तर फोनवर म्हटलं, हात लावू नकोस. तेव्हाच सांगायला हवं होतं. बॅकअप अर्धवट राहिला तेही गाडीच्या घाईत मी पाहिलं नाही. वहीत तुझी खोडलेली पेन्सिल मला त्याच दिवशी दिसली. बोललो असतो, पण मग खटकीचंही बोलावं लागलं असतं. रेखा माझ्याशी धड बोलत नाही. आईचा आवाज चुकीने गेला, एवढंच तिला माहीत आहे. दोन म्हाताऱ्यांच्या खेळात गेला हे तिला सांगायची हिंमत मला नाही. तू सांग.'

मी तो किती वेळा वाचला सांगता येणार नाही. आधी रडलो नाही, चिडलो. दोन वर्षं हा माणूस माझ्या घरात, माझ्यासमोर बसून चहा प्यायला. त्याला सगळं माहीत होतं. मी त्याला फसवतोय म्हणून रात्रंदिवस स्वतःला खात होतो, आणि हा मला त्याच्या आधीपासून फसवत होता! वर म्हणतो, तू सांग. भांडायला तरी समोर असायला हवा होता.

रेखाला सांगायला मला अकरा दिवस लागले. फोन तिच्या हातात दिला आणि खोडलेल्या सहीपासून सगळं सांगितलं. तिने मेल दोनदा वाचला.

"मी बाबांशी दोन वर्षं धड बोलले नाही काका. जेवायला वाढायचे आणि उठून जायचे. आणि तुम्ही रोज त्यांना चहा पाजत होतात?"

"हो."

"दवाखान्यात जायच्या आधी म्हणाले, लॅपटॉप लवकर दुरुस्त करून आण, एक मेल पाठवायचा राहिलाय. मी म्हटलं, आता काय उरलंय त्याच्यात?" तिने फोन माझ्या हातात परत दिला. "हे सगळ्यांना सांगा. संघात सांगा, लिहून सांगा. तुमचं नाव घालून. त्यांचं खटकीचंही सांगा, लपवू नका."

संघाच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं. देवरेआप्पा म्हणाले, "अहो, माणूस गेला, आता कशाला उकरता?" मी म्हटलं, "तुम्ही साळवेला जे बोललात ते मला बोला, मग बसतो." एक बाई उठून बाहेर गेल्या, त्यांच्या यजमानांचा आवाज त्या पुसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये होता.

लॅपटॉपबद्दल इंटरनेटवरच्या जाणकार माणसांना विचारलं. मशीन आत स्वतःची नोंद ठेवत असते, ती काढून पाठवली. त्या दुपारच्या नोंदीत वायफायचा मागमूस नाही, आणि तीन वाजून बावीस मिनिटांनी मेल गेल्याची ओळ मात्र आहे. एकाने लिहिलं, काका, तुम्हीच कार्ड काढून विसरला असाल. मग ते स्टेपल केलेल्या पाकिटात कसं गेलं? मेल कुठेतरी सर्व्हरवर अडकून उशिरा आला म्हणावं, तर तो लॅपटॉपमधून जाताना आम्ही दोघांनी पाहिला. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि होईल असं वाटत नाही.

पण मला खरं टोचतं ते वेगळंच. जो मेल कार्डाशिवाय, तारेशिवाय जाऊ शकला, तो रेखाच्या पत्त्यावरही जाऊ शकला असता. साळवेने पत्ता माझा टाकला. आणि मी तिला सांगितलं त्या दिवसापासून रेखाने माझा फोन उचललेला नाही.

— दिनकर आहेर, पाथर्डी फाटा, नाशिक