पाळण्यावरचं ग्रीक नाव

रविवारी सकाळी शेजारच्या घरी मुलीचं बारसं झालं. दुसऱ्या दिवशी बोटीवर परतायचं असलेल्या बापाने ग्रीसच्या बंदरात ऐकलेलं नाव निवडलं होतं. इफिजेनिया, म्हणजे जन्मतःच बळकट. आत्या पाळण्यावर वाकली, बायकांनी तिच्या पाठीवर थापा मारायला हात उचलले, तेवढ्यात मावशीने मोबाइलवर वाचलं.

"अगं बाई! या नावाच्या राजकन्येचा बापानेच बळी दिला. जहाजांना वारा मिळावा म्हणून!"

उचललेले हात तसेच राहिले. त्या राजानेही हे नाव हौसेनेच ठेवलं असणार.

"दादा, मी अजून कानात सांगितलं नाहीये," आत्या म्हणाली.

बापाने पाळण्यावरची कागदी अक्षरं स्वतः उतरवली. "तूच ठेव."

सोमवारी तो बोटीवर गेला. मुलीचं नाव सई आहे.