बांधीव अंक घरी मिळणार नाहीत

जुन्नरहून कल्याणची एस. टी. सुटली तेव्हा मी चांगल्या मनःस्थितीत होते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई घरूनच भांडायला निघाली होती. १९८८चा डिसेंबर होता. अंबरनाथच्या एका वाचनालयाचं पत्र आलं होतं, की आमचा बालविभाग बघायला या. आपल्या गावच्या वाचनालयात चोवीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर असं बोलावणं आलं की माणूस फुगतोच. तिकडची माणसं हल्ली आवडीनं काय वाचतात, पोरांना जवळ घेऊन काय वाचतात, ते बघून येते आणि आल्यावर लिहिते, असं तुम्हा सभासदांना सांगून मी निघाले. तेच हे.

माळशेज घाटात धुकं होतं, त्यामुळे दिसलं काहीच नाही. पुढे मुरबाडच्या बाजूला भाताची कापणी आटपली होती आणि शेताशेतांत उडवी (भाताच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग) उभी होती. कल्याणच्या स्टँडवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रिक्षावाल्याला मी उल्हासनगर कॅम्प पाच म्हणून सांगितलं, त्यानं कॅम्प चारला उतरवलं आणि निघून गेला. तिथून मी एक पाय फरपटत विचारत विचारत गेले. ज्याला विचारावं तो हात वर करून "बस, आगेच" म्हणे. त्या आगेचला पाऊण तास लागला.

कॅम्प पाचमध्ये माझी मावसबहीण शालन राहते. तिचा नवरा पँटी शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. आजूबाजूची सगळी वस्ती सिंधी, त्यामुळे शालनची मराठीसुद्धा अर्धी हिंदी झालेली. सकाळी नाश्त्याला तिनं दालपकवान (घट्ट डाळ आणि कडक तळलेली पुरी) आणवलं. मी ते खात होते आणि तिच्या दोन्ही मुली जमिनीवर पालथ्या पडून एकच कॉमिक वाचत होत्या. हिंदी होतं. वरचं आवरण गेलेलं, कडा कुरतडलेल्या, पान उलटलं की सुटून हातात येत होतं. मी म्हटलं, शालन, हा कचरा कुठून आणतात गं या? ती म्हणाली, चल, दाखवते.

गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी म्हातारीचं गोळ्याबिस्किटांचं दुकान होतं. सगळे तिला दादी म्हणत. दुकानात दोरी बांधून तिच्यावर कॉमिक वाळत घातल्यासारखी टांगलेली होती. हवं ते ओढून घ्यायचं आणि पायरीवर बसून वाचायचं. दादीला स्वतःला देवनागरी वाचता येत नव्हती. लहानपणी सिंधमध्ये ती उजवीकडून डावीकडे लिहायची ती लिपी शिकलेली. त्यामुळे दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती एखाद्या पोराला समोर बसवी, मोठ्यानं वाचायला लावी आणि बदल्यात बिस्किट देई. पोर अडखळलं की पुढे काय होणार ते हीच सांगून मोकळी. एका मुलानं ओढताना पान टरकावलं. मी चटकन त्याचा हात धरला. दादीनं माझा हात बाजूला केला.

"किताब फटेगी तो दूसरी आएगी," ती म्हणाली. "बच्चा रूठ के गया तो नहीं आएगा."

मी मनात म्हटलं, हिला काय जातंय? हिला कुठे वर्षअखेर ग्रंथ मोजून द्यायचे असतात?

दुसऱ्या दिवशी रविवार. अंबरनाथला गेले. वाटेत नाल्याचं पाणी जांभळं होतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाचनालय मात्र बघत राहावं असं. धुतलेली फरशी, खिडकीत जाईचा वेल, आणि समोर बालविभाग. काचेची पाच कपाटं, आत लाल कापडी पाठीचे, सोनेरी अक्षरांचे जाडजूड खंड. मुलांच्या मासिकांचे वर्षावर्षाचे अंक एकत्र बांधलेले. कपाटांना पितळी कुलपं. कार्यवाह साठीचे, पांढऱ्या सदऱ्यातले, फार अगत्यशील गृहस्थ. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला आणि अकरा वर्षांत एक पान गहाळ झालं नसल्याचं सांगितलं. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला बोलू?

मग मी पोरं शोधू लागले. पोर एकही नव्हतं.

बाकावर एकच माणूस बसला होता, पस्तिशीचा, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट. पुढ्यात एक लाल खंड उघडा. तो चार ओळी वाची, डोळे मिटी, ओठ हलवी, पुन्हा डोळे उघडून बोटानं ओळ शोधी. मला वाटलं, पोथी पाठ करतोय की काय. जवळ जाऊन विचारलं, तर ओशाळला. नाव वसंत गायकवाड, राहणार बदलापूर गाव, नोकरी आनंदनगरच्या कारखान्यात. मुलगी चौथीत. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं, कमरेपर्यंत प्लास्टर, अजून सहा आठवडे पडून राहायचं होतं. या खंडात एक गोष्ट होती, बारा अंकांत क्रमशः आलेली: नावाड्याचा बाप बेपत्ता होतो आणि त्याची मुलगी नदीच्या कडेकडेनं उगमापर्यंत चालत त्याला शोधायला जाते. खंड घरी न्यायला मिळत नाही. उतरवून घ्यावं तर खंडाजवळ पेन-पेन्सिल न्यायला मनाई. म्हणून हा माणूस दर रविवारी सायकल मारत यायचा, एक भाग पाठ करायचा आणि जाताना रस्ताभर पुटपुटत जायचा, की घरी पोचेपर्यंत विसरायला नको.

"नऊ झाले," तो म्हणाला. "तीन राहिलेत. पण उद्यापासनं दुसरी पाळी, इथं इतर वारी संध्याकाळीच उघडतं, आणि रविवारी सकाळीपण कामावर बोलवलंय. आता कसं जमायचं? तिला वाटतंय मी शेवट मनाचाच सांगणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस वर्षांत मी पुस्तकं चोरणारे पाहिलेत, पानं फाडणारे पाहिलेत, पण पोरीसाठी मासिक पाठ करणारा बाप पाहिला नव्हता. तशीच तरातरा कार्यवाहांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, काय चाललंय हे? मासिकं सुटी असतात तेव्हा तरी मुलांना देता का? ते म्हणाले, छे, तेव्हा तर फाटतात, म्हणून आल्या आल्या बाजूला काढतो आणि वर्षअखेर बांधतो. आणि बांधल्यावर? बांधल्यावर तो खंड संग्रहाचा, मग तो बाहेर जात नाही. म्हणजे कधीच नाही! वर पुन्हा हळहळून मलाच सांगायला लागले, की टीव्ही आल्यापासून मुलं वाचत नाहीत हो. पाच कुलपं लावायची आणि बोंब टीव्हीच्या नावानं! माझा आवाज चढला.

"हा गाढवपणा कुणाच्या डोक्यातून निघाला?" मी विचारलं.

त्यांना राग आला नाही. त्यांनी खणातून एक फाईल काढली, आणि फाईलमधून सायक्लोस्टाइल केलेला पिवळा पडलेला कागद. ग्रंथपालांच्या एका मेळाव्यातलं भाषण. "बालसाहित्याचे जतन: सहा नियम." नियम पहिला: बांधीव अंक घरी देऊ नयेत. नियम चौथा: खंडाजवळ पेन अगर पेन्सिल नेऊ देऊ नये. खाली माझं नाव.

"आपल्याच, बाई," ते म्हणाले. "म्हणून तर आपल्याला बोलावलं. आम्ही अक्षरन् अक्षर पाळलंय."

मी खुर्चीत बसले. तोंडात मारल्यासारखं म्हणतात ना, तसं झालं. ते भाषण मला आठवत होतं. टाळ्याही आठवत होत्या. मी म्हटलं, ठीक आहे, नियम माझे तर मीच ते मोडीत काढते. तसं होत नाही म्हणाले. नियम एकदा संस्थेचा झाला की समितीपुढे जायला हवा, आणि बैठक फेब्रुवारीत. मग मी खाली उतरले. हो, विनवणीवर आले. म्हटलं, माझ्या नावावर हा एक खंड द्या, परवा आणून देते. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. नियम पाचवा: पाहुण्यांच्या अगर ओळखीच्यांच्या आग्रहास बळी पडू नये. बारा वाजता त्यांनी वसंताच्या पुढ्यातला खंड उचलला, फडक्यानं पुसला आणि कुलूप लावलं. सोमवारी सुट्टी. दुपारी त्यांच्या घरी वालाचं बिरडं (मोड आलेल्या, सोललेल्या वालांची उसळ) होतं आणि त्यांच्या पत्नीनं फार प्रेमानं वाढलं. मला एक घास गोड लागला नाही.

सोमवारी सकाळी बदलापूर गावात गेले. रिकाम्या हातानं कशाला जायचं म्हणून शालननं बिस्किटांचे पुडे दिले होते. गाव स्टेशनपासून बरंच आत, उल्हास नदीच्या बाजूला. कापणी झालेल्या भातखाचरांतून वाट, लांब मलंगगडाचे सुळके. वसंताचं घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली फळीवर शाळेची पुस्तकं. त्याची बायको कुसुम चुलीशी भाकऱ्या थापत होती. मी ग्रंथपाल म्हटल्यावर तिनं सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी जास्तच वाढली. त्या मानाची मला लाज वाटली.

मुलीचं नाव संघमित्रा. घरात मित्रा. खाटेवर पडून तिनं मला आधी पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, पुस्तक आणलंय? नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला. मी तिच्या उशाची वही मागितली. बाप येऊन जे सांगे ते ही त्यात पेन्सिलीनं उतरवून काढी, आणि दुपारी आळीतली पोरं जमली की त्यांना वाचून दाखवी. नऊ भाग होते. मध्ये मध्ये ओळींच्या पुढे प्रश्नचिन्हं. ती कसली म्हणून विचारलं.

"तिथं बाबा विसरलेत आणि मनाचं घातलंय," मित्रा म्हणाली. सातव्या भागात नावाड्याची मुलगी एका चढावर सायकलवरून उतरते आणि सायकल हातानं ढकलत नेते. तिथे दोन प्रश्नचिन्हं होती. वसंत दाराशी उभा होता, तो भिंतीकडे बघायला लागला.

"तुमच्याकडे आहे का हा अंक? तुमच्या गावाला?" तिनं विचारलं.

आहे म्हटलं.

"मग तुमच्याकडच्या पोरांना शेवट माहीत असंल."

असेल ना, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मज्जाय त्यांची," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

दुपारी पाळीला जाताना वसंतानं मला एस. टी.पर्यंत सोडलं. सायकल हातात धरून शेजारून चालत होता. म्हणाला, बाई, मनाला लावून घेऊ नका, मी काहीतरी जुळवतो, बाप सापडतो असंच सांगतो. मला त्याचाही राग आला. रागवावं असं त्यानं काही केलं नव्हतं, पण मला कुणावर तरी रागवायचं होतं आणि स्वतःवर रागवायला धीर होत नव्हता. मी म्हटलं, काही जुळवू नका. आठ दिवस थांबा.

मंगळवारी संध्याकाळी परतले. घरी न जाता पिशवीसकट वाचनालयात गेले आणि आपलं ते मधलं कपाट उघडलं. तुम्ही सगळ्यांनी ते बाहेरून पाहिलंय. आतून मीच काय ती पाहते. तो खंड दुसऱ्या फळीवर होता. माझ्याच हाताची शिवण, मेण लावलेला दोरा, घट्ट. मी कात्री घेतली आणि टाके कापले. लाल पाठ सोलून काढली. बारा सुटे अंक टेबलावर पडले. बांधीव अंक देऊ नयेत ना? मग आता बांधीव राहिले कुठे? समितीनं मला जरूर विचारावं. मीही विचारीन.

बाराव्या अंकात शेवटचा भाग काढला. दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहून गेलेली. मी फूटपट्टी घालून ती सोडवली. अकरा वर्षं आपल्या गावातल्या एकाही पोरानं ती गोष्ट शेवटपर्यंत वाचली नव्हती. मीसुद्धा नाही. तिथेच उभ्यानं वाचली, सगळी. मग अंक त्याच दोऱ्यानं बांधले आणि सकाळी टपालात टाकले.

काय वाचतात तिकडे, ते सांगते म्हणाले होते. जे हाताला लागतं ते वाचतात. दोरीवर टांगलेलं वाचतात, पाठ करून वाचतात, वहीत प्रश्नचिन्हं घालून वाचतात. फक्त आपण जपलेलं तेवढं वाचत नाहीत. मधल्या कपाटाचं कुलूप मी काढलंय. ज्यांना पोरांसाठी अंक हवेत त्यांनी घेऊन जावेत.

पंधरा दिवसांनी बदलापूरहून कार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं. अंक पोचले, सायकल बाबांनीच घातली होती, शेवट आवडला पण रडू आलं, आता आळीतली सगळी पोरं मागताहेत, तर परत कधी पाठवू?

मी उलट टपाली कळवलं: फाटले की पाठव.