वार बाळ बांधतं, हे सांगणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडम आज पहाटे गेल्या आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर आता मला झापणार कोण?

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.
मॅडम माझ्या पीएचडीच्या गाईड. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीचा अभ्यास केला. वार. बाळाच्या मागोमाग पडते ना, तीच. प्लासेंटा.

"सस्तन प्राण्यांनी केलेलं सगळ्यात भारी काम आहे हे. आणि आपण ते बादलीत टाकतो," असं म्हणायच्या.

लॅबमधला माझा पहिला आठवडा लॅबमध्ये गेलाच नाही. मांजरी गावातल्या एका शेळीवाल्या काकांना मॅडमनी पटवून ठेवलं होतं. काकांचा फोन यायचा, "मॅडम, शेळी आज व्यायची हाय, या लवकर."
की मॅडम पदर खोचून स्कूटरवर. मागे मी, मांडीवर आइसबॉक्स.

का एवढी घाई?
कारण शेळी स्वतःची वार खाऊन टाकते. आणि तिच्या आधी पोचलं नाही, तर कुत्री.

तिथेच गोठ्यात उकिडवं बसून त्यांनी मला शिकवलं.
"नीट बघ. ही वार आई नाही बांधत. बाळ बांधतं, स्वतःसाठी. बापाकडून आलेली काही जनुकं म्हणतात, वाढव अजून. आईकडची म्हणतात, जरा दमानं घ्या. शेवटपर्यंत ओढाताण चालते. जमलं, तर पिल्लू."

आणि मग त्यांचं लाडकं वाक्य. "यातलं एक जनुक तर मुळात विषाणूचं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आजार म्हणून घुसला आणि घरचाच झाला. शेळीत वेगळा, माणसात वेगळा."

काका म्हणाले, "मॅडम, चहा ठेवू का?"
त्यांना हे सगळं पाठ झालं होतं.

माझी सगळ्यात मोठी चूकही सांगूनच टाकते. हॉस्पिटलमधून माणसाच्या वारा यायच्या. मॅडम प्रत्येक बाईला स्वतः विचारायच्या, "ताई, अभ्यासाला द्याल का? नाही म्हणालात तरी चालेल." काही जणी नाही म्हणायच्या, त्यांच्यात अंगणात पुरतात. मॅडम लगेच बरं म्हणायच्या.
तर, अशा मागून आणलेल्या वारांचे नमुने मी सहा महिने गोळा केले. वरचा खरखरीत थर खरवडून.
तो थर आईचा असतो.
रिपोर्ट आला. बाळं मुलगे, आणि नमुन्यांत जनुकं निव्वळ बायकांची.

मॅडमनी कागद बघितला. चष्मा काढला. "अभिनंदन. सहा महिने आयांची चौकशी केलीस. बाळाला कुणी विचारलंच नाही."
मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर मॅडम स्वतः हातमोजे घालून उभ्या. "चला, पहिल्यापासून."

मग माझं लग्न झालं. दिवस गेले.
सातव्या महिन्यात बीपी असं चढलं की तातडीने सिझर करावं लागलं. वार नीट रुजलीच नव्हती, असं डॉक्टर म्हणाले.
मुलगी झाली. चार दिवस होती.

सासूबाई खोलीत बसून बोलल्या, "पोटुशी असताना दुसऱ्यांच्या वारा चिवडत बसायची. भोवलं ते."
आणि खरं सांगू? मला ते पटलं होतं. जनुकांवर पीएचडी करणाऱ्या मला!

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "नाव काय ठेवलं होतंस?"
तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. "मीरा," मी म्हटलं.

सासूबाई पुन्हा तेच बोलायला लागल्या. मॅडमनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो ताई, वार तुमच्या सुनेने नाही बांधली. बाळाने बांधली. आणि बाळात निम्मा वाटा तुमच्या चिरंजीवांचा. दोष द्यायचाच असेल तर घरात सगळ्यांना सारखा वाटा."
सासूबाई उठून बाहेर गेल्या.

मी विचारलं, "मग माझ्या मीराचं चुकलं का?"
मॅडमच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा पाणी बघितलं. "नाही गं बाई. कुणाचंच नाही. इतकी वर्षं चाललंय हे, तरी अजून कच्चंच आहे. कधी कधी रुजत नाही. त्याला कुणी काय करणार?"
त्या दिवशी मी पोटभर रडले. आणि जेवलेही.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. घाबरून विचारलं, "मॅडम, या वेळी नीट होईल ना?"
"खात्री देणारे पोपट घेऊन बसतात. मी बीपी मोजायला येईन."
दर मंगळवारी कर्वेनगरहून बसने यायच्या, पिशवीत मशीन घेऊन. सासूबाई चहा ठेवायच्या आणि न बोलता आत जायच्या. शेवटपर्यंत एक शब्द नाही.
ओवी आता सहावीत आहे. माझं काही ऐकत नाही.

आज मॅडमच्या अंत्यदर्शनाला निघताना सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मी पण येते."
दुखऱ्या गुडघ्यांनी मॅडमच्या घराचे दोन जिने चढल्या. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांमध्ये बुद्धवंदना संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

परतताना रिक्षात म्हणाल्या, "तेव्हा मी तुला बोलले ना. तुझं काही नव्हतं त्यात. मला त्याच दिवशी कळलं होतं गं. तोंडातून निघालं नाही."

मी त्यांचा हात धरला, आणि दोघी घर येईपर्यंत रडत होतो.

मॅडम, तुमचं म्हणणं आज सासूबाईंच्या तोंडून निघालं. फक्त काही तासांचा उशीर झाला हो.

तुमच्या विद्यार्थिनीची मनापासून आदरांजली.